शिर्डी ते कोल्हापूर, पंचावन्न मिनिटं

शिर्डी विमानतळापासून कोल्हापूर विमानतळापर्यंत हवाई अंतर तीनशे पस्तीस किलोमीटर, उड्डाणाची वेळ पंचावन्न मिनिटं. हे मी मोबाईलवर वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि लगेच आईला फोन लावला. तिथेच माझं चुकलं. वाचण्यात नाही, फोन लावण्यात.

मी नगरला सावेडीत राहतो आणि आई पुणतांब्याजवळ आमच्या मळ्यात, धाकट्या भावाकडे. माझी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. मोजणीवाल्याला एक वाईट खोड लागते. आकडा दिसला की तो खरा वाटतो, आणि आपण सांगितलेल्या आकड्यावर कुणी शंका काढली की डोकं फिरतं. बायको म्हणते, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तुम्ही घरातल्या माणसांशी हद्द कायम करायला आल्यासारखे बोलता. असेल. पण त्या दिवशी मी आनंदात होतो, हे मात्र खरं.

कारण प्रश्न मावशीचा होता. आईची ही पाठची बहीण, आईपेक्षा आठ वर्षांनी लहान. आईनंच तिला कडेवर घेऊन वाढवलं. मावशीचे यजमान कोल्हापूरकडचे, आमच्या भागातल्या साखर कारखान्यात फिटर म्हणून आले होते. लग्न करून इथेच दोन-चार गळीत हंगाम काढले आणि मग मावशीला घेऊन आपल्या गावी गेले. तेव्हापासून दोघी बहिणी लग्नाकार्यालाच भेटायच्या, आणि गेल्या काही वर्षांत तेही थांबलं होतं.

त्या दिवाळीनंतर मावसभावाचा फोन आला. मावशी विसरायला लागली होती. जेवण झालं की जेवायचं राहिलं म्हणायची. सुनेला एकदा विचारलं, ‘तुम्ही कुणाकडच्या?’ पण आईचा आवाज फोनवर आला की अजून ‘आक्का’ म्हणून हाक मारायची. मग मधली सगळी वर्षं गाळून थेट लहानपणाचं बोलायची. फोन ठेवल्यावर आईनं आमच्यापुढे एकच गोष्ट मांडली.

“ती मला वळखती हाय तवर एकदा जाऊन येऊ द्या.”

भावानं लगेच गाडीची तयारी केली. पुण्यावरून सातारा, कराड करत नऊ तास धरले होते. आईच्या पाठीचा मणका दुखत होता, डॉक्टरांनी फार वेळ बसायला बंदी केली होती. म्हणून मागचं सीट पाडून गादी टाकायची, तासातासाला थांबायचं, रात्री साताऱ्याला मुक्काम करायचा, असं त्यानं ठरवलं होतं. येत्या शनिवारी निघायचं होतं. आणि बुधवारी मी माझी पंचावन्न मिनिटं घेऊन मध्ये कडमडलो.

भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, पर असं इमान हाय का?”

“वेळ दिलीय ना इथे? विमान नसतं तर वेळ कशाला दिली असती?”

“म्या आपलं इचारलं.”

“विचारू नकोस. आईचे हाल करायचेत का नऊ तास?”

भावानं फोन आईकडे दिला. तो माझ्यापुढे नेहमीच पड खातो. मी थोरला आणि सरकारी नोकरीतला, आणि त्यानं आयुष्यभर कांदे लावले. आईला तर माझं म्हणणं सहज पटलं. आमच्या मळ्यावरून रोज विमानं जातात. काकडी गावात शिर्डीचा विमानतळ झाल्यापासून आई दुपारच्या चहाची वेळ विमानावर ठेवते. एखाद्या दिवशी विमानाला उशीर झाला की घरात सगळ्यांचाच चहा लांबतो. तिच्या लेखी विमानतळ म्हणजे एसटी स्टँडचा थोरला भाऊ. स्टँड झाला म्हणजे सगळीकडची गाडी लागणारच, कुठली सकाळी, कुठली दुपारी, एवढाच फरक. शनिवारचं जाणं तिनं स्वतःच रद्द केलं आणि मावशीला फोन करून सांगितलं, “आता तुझ्याकडं यायला तासबी लागायचा न्हाई.”

मी तोवर नकाशात गुंतलो होतो. शाळेच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली तर दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाखाली एक. वरून खाली सरळ रेघ. पारनेरचं पठार, शिरूरजवळ घोड नदी, मग मोरगाव, नीरा, वाळव्याचा ऊस आणि कोल्हापूर. आम्ही नगरहून पुण्याला, पुण्याहून साताऱ्याला असं पश्चिमेला पोट काढून जातो, आणि खरं कोल्हापूर असं नाकासमोर दक्षिणेला! इतकी वर्षं या जिल्ह्यात मोजणीची साखळी ओढली आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोन दिवस मी भेटेल त्याला ही रेघ दाखवत होतो. दूधवाल्यालासुद्धा दाखवली.

मग तिकीट काढायला सावेडीतल्याच एका ट्रॅव्हल्सच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं कीबोर्डवर बोटं चालवली, पुन्हा चालवली.

“काका, अशी फ्लाइट नाहीये.”

“आज नसेल. पुढच्या आठवड्यातलं बघा.”

“कधीच नाहीये. शिर्डीहून कोल्हापूरला थेट काही जात नाही.”

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं आणि ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली. “हे नुसतं अंतर आहे काका. विमान गेलं तर एवढा वेळ लागेल, असं.”

मी तिथे थोडा आवाज चढवला, ते कबूल करतो. मग घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्याच पानावर शिर्डी ते नाशिक टाकून पाहिलं. पस्तीस मिनिटं! नाशिकला आमच्याकडून कोण विमानानं जाईल? संगमनेरचा माणूस सकाळी दूध घालून नाशिकला जातो आणि जेवायला परत येतो. शिर्डी ते जळगाव टाकलं, नांदेड टाकलं. सगळ्यांच्या वेळा हजर. मग गुणाकार-भागाकार केले तेव्हा मेख कळली. अंतराला ताशी आठशेनं भागायचं आणि वर अर्धा तास चढा-उतरायला घालायचा. नाशिकची पाच मिनिटं अधिक तीस. कोल्हापूरची पंचवीस अधिक तीस. पाहिजे त्या दोन ठिकाणांमधली वेळ हे गणित काढून देत होतं. त्या वाटेनं कधी एक तरी विमान गेलं आहे का, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं.

खरं सांगतो, लाज वाटायच्या आधी मला मजा वाटली. आपण कोडं सोडवलं याचाच आनंद. लाज नंतर आली आणि आली ती चांगली घसघशीत आली. कारण नोकरीभर मी शेतकऱ्यांना हेच सुनावत आलो होतो. नकाशात रस्त्याची दुहेरी रेघ दिसते म्हणून माणूस भांडायला येतो आणि जागेवर जाऊन बघावं तर तिथे दुसऱ्याची विहीर. कागदावर रस्ता आहे म्हणून बैलगाडी जात नाही, आधी बांधावर चला, हे वाक्य मी किती वेळा फेकलं असेल. आणि आता मीच घरात बसून, नकाशावर फूटपट्टी ठेवून, सख्ख्या आईला त्या रेघेवरून पाठवायला निघालो होतो.

इथवरची चूक हसण्यावारी नेता आली असती. भावाला फोन करून ‘चुकलं रे, गाडी काढ’ एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. त्या मुलीनं मी निघताना समजूत घातल्यासारखं म्हटलं होतं, “मागणी आहे म्हणतात, होईल कधीतरी सुरू.” मी तेवढं उचललं आणि आईला सांगितलं, “सध्या ते विमान बंद आहे. पुढच्या वेळापत्रकात सुरू होणार आहे.”

“मंजी कवा?”

“महिना-दीड महिना.”

“बरं,” आई म्हणाली.

त्या ‘बरं’वर मी दोन महिने काढले. भाऊ मध्ये दोनदा म्हणाला, गाडीनं जाऊन येऊ. दोन्ही वेळा मी त्याला कांद्याच्या लागवडीची आठवण करून दिली. रोज सकाळी मी मोबाईलवर वेळापत्रक बघायचो, जणू मी बघितल्यानं विमान सुरू होणार होतं. मध्येच थंडी वाढली आणि आईची पाठ जास्त धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गाडीचा लांबचा प्रवास साफ नको म्हणून सांगितलं. आडवं पडूनसुद्धा नको, खड्डे फार. म्हणजे भावाचा रस्ताही आता बंद झाला होता, आणि तो माझ्यामुळे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी मळ्यात गेलो होतो. सकाळी ओट्यावर आई मावशीशी फोनवर बोलत होती. भावजयीनं फोनचा आवाज मोठा करून दिला होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

“मी बोलती गं. आक्का.”

 पलीकडून मावशीचा आवाज आला, परक्या माणसाशी बोलतात तसा, जपून.

“कोन आक्का?”

 आईनं फोन भावजयीकडे दिला आणि प्यायला पाणी मागितलं. भाऊ माझ्याकडे बघत होता. 

मी आईजवळ जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. विमान बंद नाही, ते कधी नव्हतंच. मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. सांगायची लाज वाटली म्हणून नाही सांगितलं.

आई पाणी प्यायली, तिनं तांब्या खाली ठेवला. “मला ठावं हुतं,” ती म्हणाली. “मी रोज बगती की हितनं. समदी उगवतीलाच जात्यात. कोल्लापूर काय उगवतीला न्हाई.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू येवढा शिकल्याला. म्हनलं, आपल्याला दिसत नसंल.”

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली. साहेबांची खाल्ली, बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभ्या राहिलेल्या भाऊबंदांची खाल्ली. एवढं साधं बोलणं मला कधी लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेलो, या वेळी नाक मुठीत धरून. त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि एक मार्ग काढून दिला. शिर्डीहून हैदराबाद आणि हैदराबादहून कोल्हापूर. दोन्ही विमानं छोटी, सव्वा-सव्वा तासाची. मध्ये तीन तास थांबायचं. डॉक्टरांनी त्याला मान डोलावली, कारण खड्डे नव्हते आणि मध्ये आडवं पडता येणार होतं.

आईला हे पटवणं सगळ्यांत अवघड गेलं. “कोल्लापूरला जायाला हैद्राबादला कशाला? तितं आपलं कोन हाय?”

“कुणी नाही. नुसतं विमान बदलायचं.”

“मंजी आदी लांब जायाचं आन् मग जवळ यायाचं.”

“तसंच.”

“ही वाट आखनारी तुज्याच खात्यातली मान्सं असत्याल,” आई म्हणाली. भाऊ मोठ्यानं हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

निघताना आईनं पिशवीभर पेरू घेतले, राहात्याच्या बाजारातले, अर्धे कच्चे. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळाली. पिशवी त्या तपासणीच्या पट्ट्यावरून आत गेली तेव्हा आई ती दुसऱ्या बाजूला येईपर्यंत अस्वस्थ होती. विमानात बसल्यावर तिनं पट्टा बांधून घेतला, वर पाठीचा पट्टा होताच, आणि म्हणाली, “आता कुटं पळून जाती मी!”

विमान उगवतीकडे उडालं. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. वरून आपली जमीन बघायची ही माझी पहिलीच वेळ, आणि मला सगळी शेतं ओळखू येतील असा भरवसा होता. एकही ओळखू आलं नाही. मी ज्या कागदांवर आयुष्य काढलं, तसंच सगळं खाली पसरलं होतं, तुकडे आणि बांध, पण एकावरही गट नंबर नव्हता. गोदावरीचं वळण दिसलं तेव्हा आईनं माझ्या पुढ्यातून वाकून बोट दाखवलं. “त्यो आपला कांदा.” ते कांद्याचं शेत आमचंच होतं का, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची सवय सोडायचं ठरवलं होतं.

हैदराबादला तिला तीन खुर्च्यांवर आडवं केलं. तिला झोप लागली. मी काचेतून विमानं बघत बसलो आणि मनात हिशेब घालत होतो. घरातून निघाल्यापासून मावशीच्या दारात पोचेपर्यंत साडेनऊ तास होणार होते. भावाच्या गाडीनं नऊ धरले होते. दोन महिन्यांपूर्वी.

दुसऱ्या विमानात ऊन समोरून यायला लागलं तेव्हा आईनं लगेच ओळखलं. “आता माघारी चाललोय आपन.” तिला होकायंत्र लागत नाही.  मग तिनं एकदाच विचारलं, “वळखील का रे?”

मी म्हणालो, “ओळखेल.” हे मी माझ्या नेहमीच्या ठाम आवाजात म्हणालो, आणि म्हणतानाच मला भीती वाटली.

कोल्हापूरला मावसभाऊ गाडी घेऊन आला होता. गाव विमानतळापासून जवळच. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे थांबत थांबत आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मावशी अंगणात खाटेवर बसली होती. बारीक झाली होती, पण केस विंचरलेले, कपाळाला कुंकवाची जागा मोकळी. आई गाडीतून उतरली. तिला सरळ उभं राहायला वेळ लागला. तिनं नऊवारीचा पदर डोक्यावरून नीट घेतला, एका हातात पेरूची पिशवी, आणि हळूहळू चालत खाटेपुढे जाऊन उभी राहिली.

मावशीनं मान वर करून बघितलं. आधी पिशवीकडे, मग चेहऱ्याकडे. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उघडला. इतका आनंद मी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कधी बघितला नाही.

“आये!” ती म्हणाली. “लई येळ लावला गं.”

मावसभाऊ पुढे झाला, “अगं, आये न्हवं, ही—” आईनं हात वर करून त्याला थांबवलं. ती खाटेवर बसली, मावशीच्या अगदी जवळ.

“व्हय गं बाय. झाला येळ.”

मावशीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आईनं पिशवीतून एक पिकलेला पेरू काढला, पदराला पुसला, दातानं फोडून अर्धा तिच्या हातात दिला. मावशी खायला लागली. आम्ही सगळे गाडीजवळच उभे होतो. दिवाळीनंतर आलो असतो तर तिनं ‘आक्का’ म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, तिकडे मळ्यात भावाला माहीत होतं आणि आईला तर होतंच. मला रडू आवरलं नाही. मावसभावाला वाटलं, मावशीची अवस्था बघून आलं.

पेरू संपवून मावशीनं हात पुसले आणि गाडीकडे बघितलं. आमच्या चेहऱ्यांवरून तिची नजर फिरली, कुणाला तरी शोधत.

“आक्काला न्हाई आनलं?” तिनं विचारलं.

आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. तो हात थांबला नाही.

“येतीया,” आई म्हणाली. “मागनं येतीया.”